सेनैदाने घंटा वाजवली तो रविवार

सांता रूफिना गावात सेनैदा ओबांदोचा धाक दोघांनाच होता, कुत्र्यांना आणि पाहुण्यांना. ती दिसली की गावातली कुत्री शेपूट घालून किनाऱ्यावरून वर पळत, आणि शहरातून आलेली माणसं हातातला मोबाईल गुपचूप खिशात टाकत. वय साठीला टेकलेलं, बांधा ठेंगणा, पायात कधी चप्पल नाही, पण गळ्यात गाईडचं कार्ड मात्र कायम. दहा माणसांमागे एक गाईड, कासवाच्या मागे उभं राहायचं, तोंडासमोर जायचं नाही, हात लावायचा नाही, फोटो काढताना फ्लॅश मारायचा नाही, वाळूत खड्डा केलात तर जाताना तो बुजवायचा, हे ती इतक्या वेळा सांगायची की शेजारची एदुविहेस म्हणे, बाई झोपेत नवऱ्यालाही हेच बजावत असणार. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण एदुविहेसच्या थट्टेला असल्या गोष्टींची अडचण नसे.

यंदा मात्र सेनैदाचा आवाज थोडा मऊ झाला होता आणि त्याचं कारण गावाला ठाऊक होतं. तिचा एकुलता एक मुलगा एलिएसेर फेब्रुवारीत घरी परतला होता.

तो गेला होता त्याला पाच वर्षं झाली. सांता रूफिनाला दर महिन्याला, कृष्णपक्षातल्या अर्ध्या चंद्राच्या सुमारास कासवं येतात. एकदोन नाही, हजारोंनी येतात. आम्ही त्याला आरिबादा म्हणतो. त्याच्या पहिल्या दिवशी गावाने अंडी काढायची. कायद्याने तशी मुभा आहे, कारण मागून येणारी कासवं ती पहिली घरटी उकरून टाकतातच. त्या एका दिवसाच्या बदल्यात गावाने वर्षभर किनारा राखायचा. घरट्यातून निघालेली पिल्लं गिधाडांच्या तोंडी जाऊ नयेत म्हणून पहाटे काठ्या घेऊन उभं राहायचं, वाहून आलेली लाकडं उचलायची, पाहुण्यांना आवरायचं. एलिएसेर वीस वर्षांचा असताना त्याने तिसऱ्या दिवशी, म्हणजे मुभा संपल्यावर, दोन पोती अंडी काढून शेजारच्या शहरात एका दारूच्या दुकानाला विकली. सेनैदाला कळलं. तिने किनारा सांभाळणाऱ्या गावच्या संस्थेच्या सभेत उभं राहून, चाळीस घरांसमोर, आपल्या मुलाचं नाव घेतलं. अंड्यांच्या पैशातला ओबांदोंच्या घराचा वर्षाचा वाटा गेला. आठवड्याभरात मुलगाही गेला, दूरच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात, सामान उचलायच्या कामाला.

पाच वर्षं फक्त नाताळला फोन. सेनैदा कोणापाशी बोलली नाही, पण त्या पाच वर्षांत ती निम्मी झाली हे ज्याला डोळे होते त्याने पाहिलं. म्हणून फेब्रुवारीत तो बायकोला आणि तीन वर्षांच्या दायानाला घेऊन बसमधून उतरला, तेव्हा अर्धं गाव थांब्यावर काही ना काही काम काढून उभं होतं. त्याची बायको ग्रेतेल शहरातली, सरळ बोलणारी. तिने सासूला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, की एलिएसेरला इथे गाईडचं कार्ड मिळून काम लागलं तर आम्ही राहू. नाहीतर हॉटेलात त्याची जागा डिसेंबरपर्यंत ठेवलेली आहे. ऑगस्टमध्ये कार्ड मिळालं. सेनैदाने घराला लागून आणखी एक खोली उभी केली आणि दायानासाठी दारात झोका बांधला.

आता त्या रविवारचं.

सप्टेंबरातल्या स्वातंत्र्यदिनाची सुट्टी रविवारला जोडून आली होती आणि अर्धा कोस्टा रिका समुद्राकडे धावला होता. सकाळपासून गावातल्या एकुलत्या एका रस्त्यावर बसगाड्या लागत होत्या. दुपारी तीनच्या सुमारास सेनैदा बदामाच्या झाडाखाली बसून पाण्याकडे पाहत होती. ऊन ढगाआड गेलं होतं, ओहोटी होती. लाटा फुटतात त्याच्या पलीकडे तिला एक काळा ठिपका दिसला. मग तीन. मग डोळा सरावला आणि लक्षात आलं, सगळं पाणीच डोक्यांनी भरलेलं आहे. गेल्या महिन्यात कासवं फारशी आली नव्हती. लोक काळजीत होते. सेनैदाला इतका आनंद झाला की काही सुचलं नाही, म्हणजे लहानपणापासून जे सुचत आलं तेच सुचलं. ती पळत संस्थेच्या छपरीकडे गेली आणि तिथे टांगलेली लोखंडी घंटा दोन्ही हातांनी बडवू लागली.

जो आधी पाहील त्याने घंटा वाजवायची आणि ती ऐकून चाळीस घरांनी हातातलं टाकून यायचं, ही पणजोबांपासूनची रीत. आता घरोघरी फोन आहेत, पण म्हणून घंटा वाजवू नका असं कोणी म्हटलं नव्हतं, कारण ते कोणाला सुचलंच नव्हतं. शिवाय पाहुण्यांना घंटेची गोष्ट फार आवडायची. गावातला प्रत्येक गाईड ती रंगवून सांगायचा, सेनैदासुद्धा. त्यामुळे रस्त्यावर, खाणावळीत, बसच्या सावलीत बसलेल्या शेकडो माणसांना घंटेचा अर्थ पक्का माहीत होता.

दहाव्या ठोक्याला सेनैदाने मागे वळून पाहिलं आणि तिचे हात खाली आले. लोक येत होते. गावातले नव्हे, सगळेच. पोरं खांद्यावर घेतलेले बाप, खुर्च्या आणि बर्फाच्या पेट्या उचललेल्या बायका, छत्र्या, गळ्यात कॅमेरे. चार गाईड किनाऱ्याच्या तोंडाशी बांधलेल्या दोरीपाशी त्यांना थांबवत होते आणि माणसं दोरीच्या खालून, वरून, बाजूने जात होती. पाच मिनिटांत काळी वाळू दिसेनाशी झाली.

पहिली कासवं तेव्हा पाण्याबाहेर येत होती. एक कासव वर आलं, समोर एक बर्फाची पेटी. ते थांबलं, पेटीला डोकं लावून पाहिलं, मग वळून पाण्याकडे चालू लागलं. दुसऱ्याभोवती वीसपंचवीस माणसांनी कडं केलं, सगळी तोंडासमोर. त्याने हातभर खड्डा काढला आणि तो तसाच सोडून दिला. कासव पाण्यात असतं तेव्हा त्याच्याइतकं चपळ कोणी नसतं, पण वाळूवर ते गरोदर बाईसारखं एकेक पाऊल मोजत येतं. ते मोजून आलेलं प्रत्येक पाऊल फुकट जाताना पाहणं सेनैदाला सोसेना. हे मी केलं, हा एकच विचार तिच्या डोक्यात होता.

किनाऱ्याच्या टोकाला, नदीच्या मुखापाशी तरी जागा असेल म्हणून ती तिकडे धावली. तिथे एलिएसेर होता, आपली दहा माणसं घेऊन. त्यांतल्या लाल टोपीवाल्या बापाने आपला दीडदोन वर्षांचा मुलगा उचलून कासवाच्या पाठीवर बसवला होता. मूल खिदळत होतं. कासव पाय मारत होतं आणि पाठीवरच्या वजनाने जागचं हलत नव्हतं. त्या बापाचा फोन एलिएसेरच्या हातात होता. तो चांगला फोटो यावा म्हणून गुडघ्यात वाकला होता, आणि हसत होता. हॉटेलातल्या पाच वर्षांचं ते हसू होतं. पाहुण्याने काहीही मागितलं तरी ओठांवर आपोआप येणारं.

सेनैदा थांबली. दुसरं कोणी असतं तर तिने तिथेच त्याची सालटी काढली असती. पण तो एलिएसेर होता. तिने आजूबाजूला पाहिलं, गावातलं कोणीच नव्हतं. आणि गाईडच्या माणसाने कासवाला हात लावला तर गाईडचं कार्ड गेलं, हा नियम संस्थेच्या भिंतीवर तिनेच आपल्या हाताने रंगवला होता. ती वळली आणि आल्या वाटेने परत गेली. मुलाने तिला पाहिलं की नाही, तेही तिने पाहिलं नाही.

पुढचे दोन तास तिने जे केलं त्याला गावात तोड नाही, हे तिच्या वैऱ्यांनीही मान्य केलं. एदुविहेसला आणि आणखी बारा बायकांना हाताशी धरून तिने कोळ्यांचा लांब दोर आणवला, तो किनाऱ्याच्या रुंदीइतका ताणला आणि नदीच्या मुखापासून एकेक पाऊल पुढे सरकायला सुरुवात केली. ओरडायचं नाही, असं तिने बजावलं होतं. ओरडलं की माणसं पळतात, आणि पळणाऱ्या माणसाला पायाखालचं कासव दिसत नाही. दोर आपला हळूहळू पुढे येत होता आणि बायका म्हणत होत्या, चला मावशी, चला दादा, वर झाडाखाली बसा, तिथून दिसेल.

कार्तागो शहरातून आलेली एक म्हातारी खुर्चीतून उठेना. दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेले. चर्चच्या मंडळींबरोबर पहाटे चारला निघाली होती. माझं काही चुकलं का, असं तिने इतक्या भीत भीत विचारलं की सेनैदाला गलबलून आलं. ही माणसं वाईट नव्हती. सहा तास बसमध्ये आंबून, घरून भाताचे डबे बांधून, आयुष्यात एकदा बघायचं म्हणून आली होती. त्यांना बोलावलं कोणी? घंटेने. सेनैदाने म्हातारीला स्वतः हाताला धरून झाडाखाली नेलं, खुर्ची मांडून दिली आणि सांगितलं, "चूक तुमची नाही, माझी आहे. इथे नुसत्या बसून राहा. त्यांनी मनावर घेतलं तर येतील."

अंधारून यायच्या आत किनारा रिकामा झाला. हजारोंतली तीसचाळीस कासवं तेवढी वर आली. बाकीची लाटांपलीकडेच राहिली आणि मग पाऊस आला. चर्चची बस निघायची वेळ झाली होती. जाताना म्हातारीने सेनैदाचा हात दाबला. ती म्हणाली, मी दोन पाहिली, आणि दोन पुष्कळ झाली.

सेनैदा घरी आली तेव्हा एलिएसेर मागच्या टाकीपाशी पाय धूत होता. स्वयंपाकघरात ग्रेतेल केळी तळत होती आणि दायानाशी गप्पा मारत होती. सेनैदाने आवाज खाली आणला.

"मुखापाशी तू फोटो काढलास. मी पाहिलं."

त्याने पाण्याचा डबा खाली ठेवला. मग म्हणाला, त्या माणसाने फोन हातात दिला आणि माझा हात पुढे झाला. क्लिक केल्यावर कळलं मी काय करतोय. मुलाला मी उचलून खाली ठेवलं, पण तोवर झालं होतं.

"उद्या सकाळी सभा आहे," सेनैदा म्हणाली. "मी घंटेचं सांगणार. तुझं सांगणार नाही. दुसऱ्या कोणी पाहिलेलं नाही."

हे बोलणं तिला फार जड गेलं. आयुष्यात पहिल्यांदा ती एक गोष्ट दडवायला निघाली होती, आणि तिला वाटलं होतं की मुलाच्या खांद्यावरचं ओझं उतरेल. उतरलं नाही.

"आई, मी तेव्हा का गेलो असं वाटतं तुला?"

"वाटा गेला म्हणून. लोकांनी तोंडावर नावं ठेवली म्हणून."

"ते बरोबरच होतं. मी चोरी केली होती." तो म्हणाला. "सभेच्या दिवशी सकाळी तू मला कॉफी करून दिलीस. शर्टाचं बटण तुटलं होतं, ते मला उभं करून अंगावरच लावून दिलंस. दोरा दाताने तोडलास. आणि तासाभराने सभेत उठून माझं नाव घेतलंस. तुला आदल्या दिवसापासून माहीत होतं. बटण लावतानाही माहीत होतं. मला एक शब्द बोलली असतीस तर मी स्वतःच उभा राहिलो असतो. तू मला ती संधीच दिली नाहीस. मी चोर आहे हे तुझ्या तोंडून मी गावाबरोबरच ऐकलं."

पाच वर्षं सेनैदाला वाटत आलं होतं, की आपण खरं बोललो म्हणून मुलगा गेला. त्या खरेपणाची तिला एक प्रकारची ऐटही होती, दुःखाबरोबर. मुलाला आधी सांगणं म्हणजे त्याला पाठीशी घालणं, असं तिच्या मनाने घेतलं होतं. बटणाचं तिला आठवतही नव्हतं.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. ग्रेतेलने आतून जेवायला हाक मारली आणि दोघं आत गेली.

सोमवारी सकाळी सहाला संस्थेच्या छपरीत सगळं गाव जमलं. अध्यक्ष फाउस्तिनो काका, सत्तर वर्षांचे, पांढऱ्या शर्टात, भलतेच गंभीर. सेनैदा सगळ्यांत आधी उठली. घंटा मी वाजवली, गर्दी बघूनसुद्धा वाजवली, जी काय शिक्षा असेल ती द्या, असं सांगून खाली बसली. लोक तिच्याकडे बघतच राहिले. तिच्यावर बोट दाखवायची संधी गावाला उभ्या जन्मात मिळाली नव्हती. एकदोघांनी त्या संधीचा फायदाही घेतला. कोणी म्हणालं, आता म्हातारपणी फोन ऐकू येत नाही म्हणून घंटा लागते. कोणी म्हणालं, एवढी कासवं परत गेली ती सेनैदाच्या नावावर मांडा. एदुविहेस शेजारून त्यांना काहीबाही बोलत होती. सेनैदा मान खाली घालून ऐकत होती. घंटा पुन्हा वाजवायची नाही, ती उतरवून ठेवायची, एवढं ठरलं. फाउस्तिनो काका पुढच्या विषयाकडे वळणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून एलिएसेर उठला.

"माझ्या माणसाने मूल कासवाच्या पाठीवर बसवलं," तो म्हणाला. "फोटो मी काढला." त्याने गळ्यातलं कार्ड काढलं, पुढे येऊन टेबलावर ठेवलं आणि तिथेच उभा राहिला.

मागे दाराशी ग्रेतेल दायानाला कडेवर घेऊन उभी होती. सेनैदाने मागे वळून तिच्याकडे पाहिलं नाही. पाहायचा धीर झाला नाही.

फाउस्तिनो काकांनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. हे आणखी कोणी पाहिलंय का, असं त्यांनी विचारलं.

"मी पाहिलं," सेनैदा म्हणाली.

"मग आत्ता उठलीस तेव्हा का सांगितलं नाहीस?" काकांचा आवाज कडक झाला. "पाच वर्षांपूर्वी तर इथेच उभी राहून सांगितलं होतंस."

"तेव्हा त्याला न विचारता तुम्हाला सांगितलं," सेनैदा म्हणाली. "काल त्याला सांगितलं. पुढचं त्याचं त्याने बघितलं." एवढं बोलून ती रडायला लागली. सेनैदा ओबांदो रडते आहे हे गावाला इतकं नवीन होतं की एदुविहेसलासुद्धा काही थट्टा सुचली नाही.

नियम तो नियम. कार्ड वर्षभरासाठी गेलं. फाउस्तिनो काकांनी ते कपाटात ठेवलं आणि मग, कोणाकडेही न बघता म्हणाले की आज दुपारी दोर धरायला माणसं कमी पडणार आहेत, आणि दोर धरायला कार्ड लागत नाही.

सभा सुटल्यावर सेनैदा घरी गेलीच नाही. घरी बॅगा भरलेल्या दिसतील ही भीती. ती किनाऱ्यावर गेली आणि पाहुण्यांच्या छत्र्यांनी केलेले खड्डे पायाने बुजवू लागली. खड्डा बुजवायचा, पुढे जायचं, पुढचा बुजवायचा. असे सत्तरऐंशी तरी झाले असतील. ऊन चढलं. नदीच्या मुखाकडून कोणी तरी येताना दिसलं. ग्रेतेल होती, एकटीच, चपला हातात घेतलेल्या. सेनैदा काम थांबवून उभी राहिली. आता निरोप येणार, हे तिने मनाशी धरलं.

"आई, हॉटेलात फोन केला मी," ग्रेतेल म्हणाली. "सांगितलं त्यांना, जागा दुसऱ्या कोणाला द्या."

सेनैदाला काही कळेना. कार्ड तर गेलं, ती म्हणाली.

"गेलं ना. वर्षभर मी खाणावळीत काम करीन, बोलून ठेवलंय." ग्रेतेलने चपला वाळूत टाकल्या आणि शेजारच्या खड्ड्यात पायाने वाळू लोटायला लागली. "इतकी वर्षं हा माणूस रोज झोपण्याआधी तुमच्याबद्दल काही ना काही बोलायचा, आणि फोन लाव म्हटलं की उठून बाहेर जायचा. काल पहिल्यांदा गाढ झोपला. मी कशाला नेऊ त्याला इथून?"

दोघींनी मिळून उरलेले खड्डे बुजवले. तीनच्या सुमारास लाटांपलीकडे पुन्हा डोकी दिसू लागली. छपरीतली घंटा उतरवून झाली होती. वर रस्त्यालगत बायका आणि पुरुष दोर धरून रांगेने उभे राहत होते आणि मधे एलिएसेर, दायानाला खांद्यावर घेऊन, पाहुण्यांना सांगत होता की इथेच थांबा, घाई नको, कासवं येताहेत.